राऊच्या शेडमधली कॅरव्हॅन : ॲल्युमिनियम पट्ट्यांच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

महूच्या काकांची कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, काल इंदूरजवळच्या राऊच्या शेडमध्ये आली. चौदा फुटी, एका ॲक्सलची, आत लाकडी सांगाडा आणि वर रंगवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. बनावट इंग्लंडची दिसते, सगळे आटे इंच मापाचे आहेत. कारखान्याची पाटी कुणीतरी कधीच काढून नेली, त्यामुळे साल सांगता येत नाही. चासी आणि ब्रेक दुसऱ्या मिस्त्रीकडे, लाकूड सुतारकाकांकडे. माझ्याकडे फक्त ॲल्युमिनियम: कोपऱ्यांवरून छपरापर्यंत वळत जाणाऱ्या लांब पट्ट्या, कमरेची पट्टी, दारावरची पन्हळ, दाराची चौकट, खिडक्यांच्या फ्रेमा आणि चाकांवरच्या दोन कमानी.

काकांचा मुलगा, म्हणजे आमचे दादा, सोबत होते. त्यांची मागणी सरळ. "सगळं चकाचक कर, तोंड दिसलं पाहिजे त्यात. पाडव्याला दारात उभी करायची आहे." पाडवा ३० मार्चला. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. पट्टी काढून तिची पाठ बघितल्याशिवाय तारीख देण्यात अर्थ नसतो.

वरवर बघता असं दिसतं: कधीतरी सगळ्या पट्ट्यांना चंदेरी रंग फासलेला आहे. तो जिथे उडालाय तिथे खाली पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे. मधल्या खाचेतली पीव्हीसीची पट्टी वाळून आखडली आहे, टोकांना तिने जागा सोडली आहे आणि त्या फटींतून गंजाचे तपकिरी ओघळ पत्र्यावर उतरले आहेत. इंदूर समुद्रापासून लांब आहे म्हणून एवढ्यावर भागलं. मुंबईत असती तर पट्ट्या हातात भुग्यासारख्या आल्या असत्या.

११ फेब्रुवारी

काढण्याआधी नकाशा. गाडीच्या चारही बाजू कागदावर काढल्या, प्रत्येक पट्टीला नंबर दिला आणि तोच नंबर पट्टीच्या पाठीवर टोच्याने कोरला. टेप लावला तर धुण्यात पहिला तोच निघतो. "डावी" म्हणजे गाडीत बसून पुढे तोंड केल्यावर डावी, हे नकाशावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण सुतारकाका गाडीसमोर उभे राहून डावं-उजवं ठरवतात आणि त्यावरून आमचे पूर्वी वाद झालेले आहेत.

पीव्हीसी ओढली की तिचे तुकडेच पडतात. तिच्याखाली स्क्रूंची रांग. लोखंडी, सपाट खाचेचे, खाचा रंगाने भरलेल्या. आधी टोच्याने खाच साफ करायची. मग साठ वॉटचं सोल्डरिंगचं लोखंड स्क्रूच्या डोक्यावर दोनेक मिनिटं टेकवून ठेवायचं. स्क्रू तापून फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. नंतर खाचेत घट्ट बसणारा पेचकस अंगाचा भार टाकून हळू फिरवायचा. ज्यांची डोकी झडून गेली आहेत ती ५ मिमीच्या ड्रिलने उडवायची, पट्टी मोकळी झाली की उरलेला दांडा पकडीने निघतो.

प्रत्येक भोकाभोवती पांढरा फुगवटा आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की दोघांत जास्त क्रियाशील असलेलं ॲल्युमिनियम आधी झिजतं. पट्टी खराब झाली ती उन्हापावसाने कमी आणि या स्क्रूंनी जास्त.

१६ फेब्रुवारी

पुढच्या डाव्या कोपऱ्याची मोठी पट्टी उतरली. दोघांनी धरून, खाली लांब फळी घेऊन, कारण मोकळी पट्टी मधोमध लोंबली की तिला मोड येतो, आणि मोड पॉलिशनंतर दुप्पट दिसतो.

पाठीमागची पुट्टी वाळून ढेकळं झाली होती. वरून कुणीतरी कडेने सिलिकॉनची वळी फिरवलेली. गळती थांबवण्याचा हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाईट उपाय. पाणी वरच्या स्क्रूमधून आत शिरतच राहतं, आणि खालची वाट सिलिकॉनने बंद केलेली असते, मग ते लाकडात मुरतं. खालच्या कोपऱ्यात मी अंगठा दाबला तर लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. सुतारकाकांना लगेच फोन केला. ते आले, दाबून बघितलं आणि म्हणाले, "हा खांब बदलायचा. आणि तुझी पट्टी बसवायची घाई मला करू नकोस."

दादांना पट्टी म्हणजे दागिना वाटते. तिचं खरं काम दोन पत्र्यांच्या कडा जिथे भेटतात तो सांधा झाकून पाणी बाहेर ठेवणं. चमक नसली तरी कॅरव्हॅन पन्नास वर्षं उभी राहते. सांधा गेला की दहा पावसाळ्यांत सांगाडाच जातो. म्हणून या कामात माझा क्रम असा ठरला: पाठ आधी, भोकं नंतर, पुढची बाजू सगळ्यात शेवटी.

२० फेब्रुवारी

धुलाई. मातीची धूळ ओली न करता घासली तर तीच पट्टीला ओरखडे पाडते, म्हणून आधी नळाचं पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण. जुन्या पुट्टीला रॉकेल लावून तासभर ठेवलं आणि प्लास्टिकच्या खरवडणीने काढलं. चंदेरी रंगाला पेंट रिमूव्हर, शेडच्या बाहेर, हातमोजे घालून. सिलिकॉनवर यातलं काहीच चालत नाही. ते खरवडूनच काढावं लागतं, आणि डोळ्यांना दिसत नाही असा त्याचा थर राहिला तर त्यावर ना रंग धरतो ना टेप. तपासायचं कसं, तर पाणी शिंपडायचं. पाणी पसरलं तर साफ, थेंब गोळा होऊन बसले तर अजून आहे.

तारेची घासणी या शेडमध्ये पट्ट्यांच्या जवळपास यायची नाही, असं मदतीला येणाऱ्या पोराला बजावलं. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उगवतात.

एक छोटा तुकडा घरी नेला होता. आईने तो हातात घेतला आणि पहिलं वाक्य, "सोडा लावू नकोस हं याला. जर्मनच्या पातेल्यात सोडा पडला की काळंठिक्कर होतं." बरोबर आहे तिचं. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचं काही नॅनोमीटर जाडीचं कवच तयार होतं आणि तेच त्याला वाचवतं. पीएच साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तोवर ते टिकतं. धुण्याचा सोडा, चुना, सिमेंटचं पाणी, कास्टिक, सगळे त्याच्या वरचे, कवच विरघळवून धातूलाच हात घालणारे. गाडी धुणारे जे झणझणीत "फोम" वापरतात त्यातले काही असेच अल्कलीचे असतात. आंबट चालतं, पण मोजून.

आंबटाची सोय अशी केली: सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला, टोकं बंद केली, त्याची लांब डोणी झाली. त्यात कोमट पाणी आणि लिटरला ५० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल). पट्टी पाव-अर्धा तास बुडवायची, मऊ ब्रशने पांढरी भुकटी काढायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि लगेच पुसायची. खोल खड्ड्यांतली भुकटी याने जात नाही. तिथे फॉस्फोरिक आम्लाचं पातळ द्रावण काडीच्या कापसाने लावलं. बाजारात "ॲल्युमिनियम ब्राइटनर" म्हणून काही बाटल्या मिळतात, त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ती बाटली माझ्या शेडमध्ये येणार नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

साबुदाण्याची खिचडी खाऊन बसून करायचं काम काढलं. मल्टिमीटर.

धुतल्यावर सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच राखाडी दिसतात, पण धातूवर थर कुठला आहे हे डोळ्यांना कळत नाही. ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर मुद्दाम वाढवलेला असतो, दहा-वीस मायक्रॉनचा, आणि तो वीज वाहू देत नाही. मीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहिली की वाजतो) ठेवायचा आणि दोन्ही टोकं पट्टीवर नुसती टेकवायची. दाबायची नाहीत, टोक रुतलं की थर फुटतो आणि खोटं उत्तर येतं. उघडं ॲल्युमिनियम लगेच पीं वाजतं. ॲनोडाइझ केलेलं गप्प बसतं.

कोपऱ्यांच्या पट्ट्या, पन्हळ, कमानी: वाजल्या. कमरेची पट्टी: वाजली. खिडक्यांच्या फ्रेमा: सगळ्या गप्प, फक्त एका फ्रेमची खालची कड वाजली, जिथे वर्षानुवर्षं पडदा सरकवताना हात घासून थर गेला आहे. दाराची चौकट वाजली, पण तिचा आकारच वेगळा. जवळून बघितल्यावर कळलं, ही इथलीच. दुकानाच्या काउंटरला लावतात तसलं सेक्शन कुणीतरी कापून, कोपऱ्यांना रिपीट (रिव्हेट) मारून बसवलं आहे. काम मात्र नेटकं आहे, ते राहू देणार.

म्हणजे तीन वेगळ्या जातींचं ॲल्युमिनियम एकाच गाडीवर. तिघांना सारखी चमक येणार नाही, कितीही घासलं तरी.

४ मार्च

दादा संध्याकाळी मोबाइलवर एअरस्ट्रीम या अमेरिकन कॅरव्हॅनचे फोटो घेऊन आले. "अशी कर." लोकांना कॅरव्हॅन म्हटलं की तीच आठवते, अख्खी चांदीची. १९३६ चं त्यांचं क्लिपर मॉडेल रिपीट मारलेल्या ॲल्युमिनियमचं होतं, विमानाच्या धर्तीवर. पण त्या गाड्यांचा जुना पत्रा ॲलक्लॅडचा: मध्ये तांबं मिसळलेला कणखर मिश्रधातू आणि दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, एका बाजूला एकूण जाडीच्या साधारण ५ टक्के. शुद्ध थर आहे म्हणून तो तसा लखलखतो, आणि तो थर घासून संपवला तर पुन्हा आणता येत नाही. त्यामुळे तिकडचे जाणकार पत्र्याला पॉलिश पेपर लावत नाहीत, फक्त पॉलिशच्या वेगवेगळ्या जाडीच्या लगद्यांनी काम करतात. आपल्या गाडीचा पत्रा रंगवलेला, पट्ट्या साच्यातून दाबून काढलेल्या. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन (मूलद्रव्य, गळतीला लावतात ते नव्हे) मिसळलेलं. जात वेगळी.

"बरं, पण खिडक्या तरी?" खिडक्या ॲनोडाइझ आहेत. पॉलिशने त्यांना ढिम्म काही होत नाही, कारण ऑक्साइड त्या पॉलिशहून कमी कडक नाही. चमकवायच्या तर थर कास्टिकमध्ये विरघळवावा लागेल. त्यात ॲल्युमिनियम फसफसतं, हायड्रोजन सुटतो, थर जागोजागी वेगवेगळ्या वेळी निघतो, मग काळा गिलावा उरतो आणि तो काढायला शोऱ्याचं (नायट्रिक) आम्ल. एवढं करून हातात येतं ते उघडं ॲल्युमिनियम, जे दर काही महिन्यांनी पुन्हा घासत बसा. आत्ता ज्या फ्रेमा नुसत्या साबणाने धुऊन मेण लावलं तर तीस वर्षं बघावं लागणार नाही, त्यांचं चिलखत काढून त्यांना उन्हात उभं करायचं, हे मी करणार नाही असं स्पष्ट सांगितलं. दादा नाराज झाले. वहिनी म्हणाल्या, "अहो, खिडकीतून बाहेर बघायचंय, खिडकीत नाही." तिथे विषय मिटला.

९ मार्च

उजव्या कमानीला जोरदार मार बसलेला, दोन बोटं खोल मोड. तशीच ठोकली असती तर तडा गेला असता, कारण धातू मार खाऊन कडक झालेला आहे. आधी नरम करायचा. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तापून लाल होत नाही, ६६० अंशांच्या आसपास एकदम वितळून खाली येतं, आधी काही सांगत नाही. म्हणून साबण.

मोडाच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या साबणाची वडी घासून रेघ मारली. मग गॅसची ज्योत लांबून, सतत फिरती. साबण आधी सुकतो, मग पिवळट, मग तपकिरी. काळा पडायला लागला की ज्योत लगेच बाजूला. साधारण साडेतीनशे-चारशे अंशांची ती खूण. थंड झाल्यावर कमान हातानेच थोडी वळली. खाली लाकडाचा गोल ठोकळा, वरून नायलॉनची हातोडी, खालून टोच्याने उचलून, वर राहिलेला उंचवटा कानशीने. पोरगा जवळ उभं राहून बघत होता. त्याला दुसरी कमान करायला दिली, तिला मोड लहान होता. साबण काळा पडताच त्याने ज्योत झटकन हटवली, शिकेल तो.

१५ मार्च

पेपरकाम. हातांवर धुळवडीचा गुलाबी रंग अजून आहे, तो वॉटर पेपरच्या पाण्यात उतरतोय.

खड्डे असलेल्या भागांपुरतं ३२० नंबरच्या पेपरपासून सुरू, बाकीच्यांना ६०० पासून; नंबर वाढेल तसा पेपर बारीक. दर नंबरला दिशा बदलायची: ३२० आडवा, ४०० तिरका, ६०० उभा. पुढच्या नंबरने मागच्याची रेघ पूर्ण गेली का, हे दिशा वेगळी असेल तरच कळतं. विजेरी पट्टीला जवळजवळ टेकवून, उजेड सपाट पाडून बघायचं. वरून बघितलं तर सगळं छानच दिसतं. पेपर रबराच्या ठोकळ्यावर, बोटांवर नाही. बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीच्या लाटा उठतात आणि त्या चमक आल्यावरच दिसतात. पाण्यात साबणाचे दोन थेंब, म्हणजे पेपर भरत नाही.

लांब पट्ट्यांवर साच्यातून निघतानाच्या उभ्या बारीक रेघा आहेत, टोकापासून टोकापर्यंत. त्या घालवता येतात, पण जाडीच जेमतेम दीड मिमी आहे. मी त्या ठेवल्या. कारखान्यातून निघाली तेव्हाही त्या होत्याच. सगळे खड्डेही घालवले नाहीत. खोल खड्डा संपेपर्यंत घासायचं तर आजूबाजूची सपाटी जाते आणि तिथे घळ दिसते, जी खड्ड्यापेक्षा वाईट.

एक नमुना केला. काढलेल्या जुन्या तुकड्याचा अर्धा भाग २००० पर्यंत नेऊन पूर्ण पॉलिश, अर्धा ८०० वर थांबवून एकाच दिशेने मऊ घासणी फिरवलेला. दोन्हींना मेण. गाडीच्या रंगवलेल्या पत्र्याला टेकवून दुपारी बारा वाजता उन्हात ठेवला. काका महूहून आले होते. त्यांनी खुर्ची मागवली, बराच वेळ बघितलं. पूर्ण पॉलिशच्या बाजूला पत्र्यावरचा प्रत्येक पोचा उठून दिसत होता, कारण पट्टीत त्याचं वाकडं प्रतिबिंब. काका म्हणाले, "हे लग्नातल्या बँडवाल्याचं वाटतं. दुसरं कर." मग दादांकडे बघून, "दाराची चौकट याला हवी तशी कर. ती तशीही आपल्याकडचीच आहे."

१९ मार्च, रंगपंचमी

गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक. राजवाड्याकडे सगळं शहर. सियागंजचा बाजार बंद, काम बंद. पट्ट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या, कारण रंगाचं काही सांगता येत नाही, वाऱ्यावर येतो.

२२ मार्च

दाराची चौकट आणि कमानी घेऊन इंदुरातल्या पोलोग्राउंडला बफवाल्याकडे, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू चमकवणाऱ्याकडे. त्याच्या दुकानात भिंती, पंखा, कॅलेंडर, सगळं एकाच काळ्या रंगाचं. मशीनवर दोन चाकं: एक कडक शिवलेल्या कापडाचं, कापायला, एक सैल, चमकवायला. प्रत्येकाला वेगळा लस्टर (चाकाला लावायची पॉलिशची वडी) आणि दोन्हींची अदलाबदल कधीच नाही. स्टीलच्या कामाचं चाक वेगळं टांगलेलं, त्याला तो ॲल्युमिनियम लावू देत नाही. मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं.

लांब पट्ट्यांचं विचारलं. "भिया, बारा फुटी नी लूँगा मैं. पहिया खींच लेगा तो पट्टी भी गई और मैं भी." खरं आहे. चाकाने पट्टीची कड पकडली की ती हातातून भिरकावली जाते. तो काम कसं धरतो ते नीट बघितलं: चाकाच्या मध्याच्या खाली, आणि कड नेहमी अशी की चाक तिच्यावरून खाली उतरून जाईल, तिच्यावर चढणार नाही. पातळ तुकडा लाकडी पट्टीवर बसवून धरतो, नुसता नाही. हातात चामड्याचे घट्ट मोजे, सुती नाहीत. लस्टर चाकाला एक सेकंद लावायचा, जास्त लावला तर कामावर काळी चिकट पट्टी उमटते आणि ती पुन्हा जाळून काढावी लागते, असं त्याचं म्हणणं. "जाळून" म्हणजे चाकावर जरा जोर देऊन, ते मी नंतर बघून समजलो.

चौकट झाल्यावर तिच्यात आमची दोघांची तोंडं दिसत होती. दादांना फोटो पाठवला. लगेच उत्तर, अंगठा.

२६ मार्च

लांब पट्ट्या शेडमध्येच, घोडीवरच्या फळीला बांधून. दाराला जेवढी चमक, तेवढी इथे नको, फक्त ८०० चा पोत आणि वरून एकदा हलका पॉलिशचा लगदा, म्हणजे राखाडी जाऊन पांढरटपणा येतो. वेग कमी करता येतो तो पॉलिशर, खाली लोकरीचं पॅड. एका वेळी हातभर जागा, लगदा सुकू द्यायचा नाही.

ॲल्युमिनियम घासताना जे काळं निघतं ते मळ नसतं. तो धातूचाच बारीक कण आणि ऑक्साइड, लगद्याच्या तेलात कालवलेला. कितीही घासा, काळं येतच राहणार, ते संपेपर्यंत घासायचं ठरवलं तर पट्टीच संपेल. थांबायचं कुठे ते रंगावर नाही, रेघांवर ठरवायचं. शेवटचा तेलकट काळा हात काढायला मैदा. चिमूटभर मैदा कोरड्या बनियनच्या कापडावर घेऊन पुसलं की तेल शोषलं जातं आणि ओरखडा पडत नाही. एअरस्ट्रीमवाल्यांमध्येही ही युक्ती चालते. आईच्या डब्यातला मैदा मात्र नेला नाही, वेगळा आणला.

ग्राइंडरवर लोखंड घासलेला कोपरा आधी झाडून घेतला. ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाच्या ठिणग्या एका ठिकाणी नकोत, ती धूळ पेट घेते. झाडलेली धूळ कोरडीच वेगळ्या डब्यात. काळी फडकी कुठल्या डब्यात टाकायची यावर घरी चर्चा झाली. इंदुरात ओला, सुका आणि घातक असा कचरा चुकीच्या डब्यात टाकणं म्हणजे गाडीवाल्याकडून सगळ्या गल्लीसमोर बोलणी खाणं. घातकमध्ये टाकली.

३० मार्च, पाडवा

गाडी दारात नाही, शेडमध्येच, आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर उघडे सांधे आहेत, कारण सुतारकाकांचा नवा खांब अजून सुकतो आहे. दादा, वहिनी आले, श्रीखंड आणलं. चौकट बघून दादा खूश. बाकी पट्ट्या फळीवर ओळीने मांडलेल्या, त्यांच्याकडे त्यांनी फार बघितलं नाही.

५ एप्रिल

बसवायला सुरुवात. लाकडाला प्रायमर झालेला. पट्टीच्या पाठीला, जिथे कुणी बघणार नाही तिथे, झिंक क्रोमेटचा (गंजरोधक प्रायमरचा) पिवळा हात. तो सुकल्यावर घासायचा नाही, क्रोमेटची धूळ फुप्फुसांना घातक.

स्क्रू स्टेनलेस, ३०४ चे, आठ नंबर, सियागंजातून. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमही ओलाव्यात भांडतात, पण इथे स्टेनलेस एवढंसं आणि ॲल्युमिनियम लांबच लांब, त्यामुळे झीज पसरून नगण्य होते. तरीही प्रत्येक स्क्रूच्या मानेला ब्यूटाइलची (चिकट, मऊ रबराची) लहान वळी गुंडाळली, पाणी आणि वीज दोघांनाही अडवायला. पत्र्याच्या छपरांना वापरतात तीच ब्यूटाइल टेप, २० मिमी रुंद. ती वाळून दगड होत नाही, जुन्या पुट्टीशी हाच मोठा फरक. सिलिकॉनची नळी मी आणलेलीच नाही.

स्क्रू मधून टोकांकडे, आधी सगळे सैल. उन्हात टेप मऊ झाली की दुपारी पुन्हा थोडे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदम आवळलं तर टेप स्क्रूजवळ पातळ आणि मध्ये जाड राहते, आणि पट्टीला लाट येते. कडेने बाहेर आलेली टेप साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या प्लास्टिकच्या पात्याने कापली.

१३ एप्रिल

पाण्याची चाचणी. नळी खालून सुरू करून वर. वरून सुरू केलं तर गळती कुठली ते कळतच नाही, सगळंच ओलं होतं. पोरगा आत विजेरी घेऊन, मी बाहेर. प्रत्येक सांध्यावर पाच मिनिटं.

पट्ट्यांतून थेंब नाही. मागच्या उजव्या दिव्याच्या बुडाशी मात्र ओल आली. दिव्याचं गॅस्केट कडक होऊन मागे सरकलेलं. सियागंजात ते माप मिळालं नाही, ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून बसवलं आणि दोन्ही अंगांना ब्यूटाइल. पुन्हा पाणी मारलं, कोरडं.

खिडक्यांच्या फ्रेमांना साबणाचं पाणी आणि मेण, एवढंच केलं. घासून थर गेलेल्या त्या एका कडेला मेणाचे दोन हात. वहिनींना तीच जागा सगळ्यात आवडली.

१७ एप्रिल

खाचेतली नवी पीव्हीसी पट्टी. गुंडाळी सकाळपासून उन्हात टाकली होती, दुपारपर्यंत इतकी मऊ की बोटाने दाबली तरी बसते. ओढून बसवायचा मोह होतो, कारण ओढली की सरळ आणि सुबक दिसते. पण ही पट्टी नंतर आखडते, आणि ओढून बसवलेली दुप्पट आखडते. मागच्या वेळी टोकांना फटी पडल्या, पाणी शिरलं आणि स्क्रू गंजले ते यामुळेच. म्हणून उलट केलं: एका हाताने मागे रेटत, जराशी दाटीने, दुसऱ्या हाताने लाकडी पट्टीच्या कडेने दाबत. जोड मध्ये कुठेही नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांबी.

दादांनी विचारलं, टोकं बाहेर का लोंबताहेत, कापून टाक ना. प्रत्येक टोकाला चार बोटं जादा सोडली आहेत. मे महिन्याचं ऊन खाऊ दे, आखडायची तेवढी आखडू दे. पहिला पाऊस पडून गेला की मी महूला येऊन कापीन. तोवर कुणी कात्री लावायची नाही, हे वहिनींना सांगून ठेवलं आहे.